जांभ्याच्या दगडातून युरेनियम वेगळं कसं काढतात?

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून राजापूर-देवगड पट्ट्यात एक प्रश्न हमखास निघतो: आपल्या दगडात, आपल्या काळ्या वाळूत युरेनियम आहे का? आहे. घराच्या जांभ्याच्या चिऱ्यात आहे, कलमांच्या बागेखालच्या कातळात आहे, समुद्राच्या पाण्यातही आहे. पृथ्वीच्या कवचात ते सरासरी टनाला तीन ग्रॅमहून थोडं कमी असतं. ग्रॅनाइटमध्ये टनाला चारेक ग्रॅम मिळतं. कोकणाचा बराचसा भाग ज्या काळ्या बेसॉल्टवर उभा आहे, त्यात टनामागे एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. झारखंडातल्या जादूगुड्याच्या खाणीतला खडक जगाच्या मानाने गरीबच समजला जातो, आणि तरीही त्यात टनाला काहीशे ग्रॅम असतं. त्यामुळे इथे कुणी खाण काढील ही भीती किंवा आशा, दोन्ही सोडून द्यायला हरकत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. आणि अणुभट्टी किनाऱ्यावर बांधतात ती थंड करायला लागणाऱ्या पाण्यासाठी. खालच्या दगडातल्या युरेनियमचा तिच्याशी काही संबंध नसतो.

मला खरा रस आहे तो पुढच्या प्रश्नात. इतकं थोडं युरेनियम दगडात आहे हे कळतं तरी कसं? एक ग्रॅम बेसॉल्टची पूड घेतली तर तिच्यात युरेनियम असतं अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि लोखंड असतं सुमारे 100 मिलिग्रॅम. युरेनियमच्या एका भागामागे लोखंडाचे दोन लाख भाग. जांभ्यात तर विचारायलाच नको. त्याचा तांबडा रंगच मुळी लोखंडाचा. लाखो पावसाळ्यांत सिलिका वाहून गेली, चुना गेला, सोडियम-पोटॅशियम गेलं, आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून युरेनियम मोजणाऱ्याची खरी लढाई युरेनियमच्या कमतरतेशी नसते, ती या लोखंडाच्या गर्दीशी असते.

गर्दी आड कशी येते ते पाहा. युरेनियम मोजायची एक सुरेख पद्धत आहे. द्रावणात फॉस्फेट मिसळून त्यावर अतिनील प्रकाशाचा झोत टाकला की युरेनियम हिरवं चमकतं, आणि ती चमक मोजता येते. पण द्रावणात लोखंड किंवा मँगनीज असेल तर ते ही चमक विझवून टाकतं. दुसरी पद्धत अर्सेनाझो-3 या रंगद्रव्याची. मूळचा गुलाबी रंग युरेनियम भेटलं की निळसर होतो. पण हे रंगद्रव्य थोरियमशी जोडतं, झिर्कोनियमशी जोडतं, जास्त असेल तर लोखंडाशीही जोडतं. रंग बदलला एवढंच कळतं. कुणामुळे बदलला हे कळत नाही. आता आयसीपी-एमएससारखी, अणूंच्या वजनावरून मूलद्रव्य ओळखणारी महागडी यंत्रं आली आहेत आणि ती पुष्कळदा गर्दीतूनही युरेनियम ओळखतात. तरीसुद्धा किरणोत्सर्गात बाहेर पडणारे अल्फा कण मोजायचे असतील तर वेगळं काढण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण युरेनियम-234 आणि रेडियम-226 यांच्या अल्फा कणांची ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. आधी वेगळं काढा आणि मग मोजा, हा क्रम चुकत नाही. वेगळं काढण्याचं हे काम करतात रेझीनचे दाणे.

पण त्याआधी दगड विरघळवायला हवा, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. चिऱ्याचा तुकडा फोडून अकीकाच्या खलात घोटतात आणि 75 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळतात. जांभा मऊ, त्यामुळे लवकर वाटला जातो आणि खलाला, बोटांना, कागदाला सगळीकडे तांबडा रंग लावतो. ही पूड टेफ्लॉनच्या भांड्यात घेऊन तिच्यावर आधी नायट्रिक आणि मग हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालतात. काचेचं भांडं चालत नाही, कारण हे दुसरं आम्ल काच खातं. त्यासाठीच तर ते वापरायचं असतं. दगडातली सिलिका त्याच्यामुळे वायू होऊन उडून जाते. हे आम्ल अतिशय धोक्याचं आहे. कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत पोचतं. म्हणून जिथे ते वापरतात तिथे हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम असलंच पाहिजे. शेवटी भांडं सुकेपर्यंत आटवलं की तळाला तपकिरी पापुद्रा राहतो. तो आम्लात विरघळला की पिवळसर द्रावण तयार होतं. झिर्कॉनसारखी हट्टी खनिजं एवढ्यानेही विरघळत नाहीत. ती तळाशी दिसली तर त्यांना वेगळा उपाय करावा लागतो, लिथियम मेटाबोरेटबरोबर भट्टीत वितळवायचा. तळाचा गाळ दुर्लक्षून पुढे गेलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण झिर्कॉनमध्ये युरेनियम साठून राहिलेलं असतं.

आता रेझीनकडे वळू. हे रेझीन आपल्या आसपासच असतं. किनाऱ्याजवळच्या हॉटेलांत, मोठ्या सोसायट्यांत बोअरचं जड पाणी मऊ करायला सॉफ्टनर बसवलेला असतो आणि माणूस अधूनमधून त्यात मीठ ओततो. त्या टाकीत साबुदाण्याहून बारीक असे प्लॅस्टिकचे दाणे असतात. दाण्यांच्या सांगाड्यावर ठिकठिकाणी ऋणभार असलेले गट पक्के बसवलेले असतात आणि प्रत्येकाजवळ एकेक सोडियम चिकटलेला असतो. जड पाणी आलं की कॅल्शियम आत शिरतो आणि सोडियम बाहेर पडतो. हीच आयनांची अदलाबदल.

सगळी बाकं भरलेली आणि उभं राहायला बंदी असलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. नवा प्रवासी आत येणार असेल तर कुणीतरी उतरलंच पाहिजे. ज्याचा भार जास्त त्याचा हक्क मोठा, आणि दुहेरी भाराच्या प्रवाशाला दोन जागा लागतात. मात्र एकेरी भाराच्या प्रवाशांची झुंबडच उडाली तर हक्कवाल्यालाही उठावं लागतं. सॉफ्टनरमध्ये मीठ ओततात ते याचसाठी. सोडियमच्या झुंबडीने कॅल्शियमला बाहेर काढतात आणि गाडी पुढच्या फेरीला तयार होते.

ही अदलाबदल पहिल्यांदा नीट नोंदवली ती इंग्लंडमध्ये, थॉम्पसन आणि वे या दोघांनी, 1850 साली. खताचं अमोनियम सल्फेट मातीतून गाळलं तर खालून कॅल्शियमचं सल्फेट बाहेर येतं, अमोनियम मातीतच राहतं, हे त्यांनी दाखवलं. कृत्रिम रेझीन 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी बनवलं. युरेनियमसाठी त्याचा कारखान्याच्या पातळीवर वापर 1952 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्ट रँड इथे सुरू झाला.

युरेनियमच्या बाबतीत गंमत अशी की ते आपला भारच बदलतं. दगडातलं चार संयुजेचं युरेनियम सहजासहजी विरघळत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण करून सहा संयुजेचं केलं की ते दोन ऑक्सिजनांना धरून युरेनिल नावाचा आयन बनतं आणि पाण्यात उतरतं. युरेनिलवर धनभार दोन. पण सल्फ्युरिक आम्लात त्याच्याभोवती दोन किंवा तीन सल्फेट गोळा होतात आणि प्रत्येक सल्फेट दोन ऋणभार घेऊन येतो. बेरीज केली तर एकूण भार उणे दोन किंवा उणे चार होतो. धातू असूनही तो ऋण होतो! बाकीचे बहुतेक धातू मात्र धनच राहतात. म्हणजे ऋण आयन धरणारं रेझीन पुढे ठेवलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, मँगनीज बाजूने निघून जातात आणि युरेनियम थांबतं. जादूगुड्याच्या कारखान्यात हेच तत्त्व वापरलं गेलं. सल्फ्युरिक आम्लात खडक भिजवायचा, ऑक्सिडीकरणासाठी पायरोल्युसाइट हे मँगनीजचं खनिज घालायचं आणि द्रावण रेझीनमधून न्यायचं. आंध्रातल्या तुम्मलपल्लेचा खडक चुनखडीच्या जातीचा. तिथे आम्ल घातलं तर चुनाच ते पिऊन टाकील. म्हणून तिथे सोडियम कार्बोनेट वापरतात, उष्णता आणि दाब देऊन. कार्बोनेटमध्येही युरेनिल तीन सोबती धरतं आणि उणे चार भाराचं होतं.

मग साध्या रेझीनवर भागत नाही का? कारखान्यात पुष्कळसं भागतं. पण त्याच्या दोन उणिवा आहेत आणि कोकणच्या नमुन्यांत दोन्ही आडव्या येतात. पहिली, ते फक्त भार ओळखतं, माणूस ओळखत नाही. तीन संयुजेचं लोखंडसुद्धा सल्फेटमध्ये थोडंफार ऋण होतं आणि जागा अडवतं, आणि जांभ्यात लोखंड किती असतं ते आपण पाहिलंच. दुसरी, क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला 19 ग्रॅम क्लोराइड असतं. नमुना खाऱ्या पाण्याचा असला किंवा खाजणाच्या कडेच्या गाळाचा असला की क्लोराइडची झुंबड युरेनियमला बसूच देत नाही.

यावरचा उपाय म्हणजे सुधारित रेझीन. सांगाडा तोच, स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीनचा, पण भोकाभोकांचा. यातल्या अँबरलाइट एक्सएडी-4 या दाण्यांचा आतला पृष्ठभाग ग्रॅमला 700 चौरस मीटरहून जास्त भरतो. चिमूटभर दाण्यांत सात गुंठे! या पृष्ठभागावर युरेनिलला नेमकं आवडेल असं काहीतरी बसवायचं असतं. युरेनिलचा आकार इथे महत्त्वाचा. तो सरळ काठीसारखा, दोन टोकांना दोन ऑक्सिजन, मधे युरेनियम. टोकं बंद, त्यामुळे पकडणाऱ्याला कंबरेभोवतीच धरावं लागतं, तेही शक्यतो ऑक्सिजनच्या हातांनी. हे हात योग्य अंतरावर असले की पकड घट्ट बसते.

बसवायच्या दोन रीती आहेत. पहिली भिजवण्याची. ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड किंवा फॉस्फोनेटच्या जातीचं द्रव्य द्रावकात घेऊन दाणे त्यात भिजवायचे आणि द्रावक उडवून द्यायचा. भोकांत ते द्रव्य मुरून राहतं. हे करायला सोपं आणि काम झकास देतं, पण द्रव्य नुसतं मुरलेलं असतं, बांधलेलं नसतं. दर वापराला थोडं थोडं धुऊन जातं.

दुसरी रीत बांधून टाकण्याची. लोटे परशुराम, महाड, रोहा इथल्या रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय, त्यांना ती लगेच कळेल. सांगाड्यातल्या बेंझीनच्या कड्यावर आधी नायट्रो गट बसवायचा, टिन क्लोराइडने त्याचा अमिनो करायचा, आणि मग बर्फात ठेवून सोडियम नायट्राइटने डायझो, म्हणजे दोन नायट्रोजनांचा गट, करायचा. शेवटी कॅटेकॉल, सॅलिसिलिक आम्ल असं ऑक्सिजनवालं रसायन जोडायचं. तापमान पाच अंशांच्या वर गेलं की डायझो तुटायला लागतो आणि नायट्रोजनचे बुडबुडे दिसतात. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे हे काम करायचं तर बर्फ आधी भरपूर आणून ठेवावा लागतो. जोडणी साधली की पांढरे दाणे रंगीत होतात, तपकिरी-तांबड्याकडे झुकणारे. कितीही धुतलं तरी तो रंग निघत नाही, आणि जोडणी पक्की झाल्याची ही पहिली खूण.

अशा रेझीनांवर भरपूर संशोधन होतं, आणि त्यातली एक सवय मला खटकते. ग्रॅमभर रेझीनने किती मिलिग्रॅम युरेनियम धरलं हा आकडा अभिमानाने सगळ्यात वर लिहिलेला असतो, आणि तो बहुधा स्वच्छ पाण्यात युरेनियमचं मीठ घालून काढलेला असतो. स्वच्छ पाण्यात कुणीही धरील. माझ्या मते पहिला प्रश्न हा असायला हवा की ते रेझीन कुणाला नाकारतं. आणि दुसरा, सांगितलं की सोडतं का? धरलेलं युरेनियम परत देतच नसेल तर मोजायचं काय? तिथे नमुना गमावल्यातच जमा.

नाकारणं प्रत्यक्षात कसं दिसतं, ते फॉस्फोनेट मुरवलेल्या रेझीनच्या उदाहरणाने सांगतो. पेन्सिलीच्या जाडीची काचेची नळी उभी करायची, तळाला काचेच्या लोकरीचा बोळा घालायचा आणि पाण्यात कालवलेले दाणे वरून सोडायचे. मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर द्रावण त्याला वळसा घालून दाण्यांना न भेटताच खाली येतं. मग दगडाचं द्रावण बऱ्यापैकी तीव्र, साधारण 3 मोलर नायट्रिक आम्लात घेऊन थेंबाथेंबाने सोडायचं. इथे जोडी जमते ती नायट्रेटमुळे. दोन नायट्रेट घेऊन युरेनिल भारहीन होतं आणि फॉस्फोनेट त्याला ओढून घेतं. लोखंडाला या आम्लात असं काही जमत नाही. फिकट पिवळं द्रावण वरून जातं आणि फिकट पिवळंच खाली उतरतं.

पण डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणजे लोखंड संपलं असं नव्हे. खालून पडणारा थेंब पांढऱ्या टाइलवर घ्यायचा आणि त्यात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाकायचा. लोखंडाचा अंश जरी असला तरी रक्तासारखा लाल रंग येतो. आम्लाने धूत राहायचं आणि थेंब तपासत राहायचं. लाल, मग नारिंगी, मग फिकट, मग काहीच नाही. तोवर घाई करायची नाही. त्यानंतर आम्ल बदलून अगदी पातळ घ्यायचं. नायट्रेट कमी पडताच युरेनियमची पकड सुटते आणि ते चार-पाच मिलिलिटरमध्ये खाली येतं. एवढ्याशा द्रवात गोळा झाल्याने ते मोजण्याइतकं दाट झालेलं असतं, आणि लोखंड केव्हाच निघून गेलेलं असतं.

बांधलेल्या रेझीनांचं गणित जरा वेगळं. त्यांना बहुधा पीएच चार ते सहाच्या दरम्यान लागतो, आणि तिथे लोखंडाचा पेच पडतो. पीएच तीनच्या आसपास पोचला की लोखंडाचा तांबडा गाळ बसायला लागतो आणि जसजसा पीएच वाढतो तसतसं युरेनियम त्या गाळाला चिकटून खाली जातं. (जांभ्यातही निसर्गाने हेच केलेलं असतं, लोखंडाची ऑक्साइडं युरेनियमला धरून ठेवतात.) म्हणून आधी अमोनियम कार्बोनेट घालतात. लोखंड गाळ होऊन बसतं आणि युरेनियम कार्बोनेटच्या सोबतीने द्रावणातच राहतं. गाळून घेतलं की आम्ल घालून कार्बोनेट उडवून द्यायचं, पीएच जुळवायचा आणि मगच रेझीनला द्यायचं.

केरळच्या चवऱ्याची किंवा तमिळनाडूतल्या मनवलकुरिचीची मोनाझाइट असलेली वाळू आली तर आणखी एक भिडू वाढतो. मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड आठ-दहा टक्के असतं, युरेनियम टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. फॉस्फोनेटवालं रेझीन नायट्रिक आम्लात थोरियमलाही धरतं. पण मधेच हायड्रोक्लोरिक आम्ल पाच-सहा मोलरचं दिलं की थोरियम निघून जातं आणि युरेनियम थांबतं. आम्ल कोणतं आणि किती तीव्र, एवढ्यावर दोघांची ताटातूट होते. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात देखणा भाग वाटतो.

आकडा हातात आला तरी त्यावर लगेच विश्वास टाकायचा नसतो. दगड न घालता सगळी क्रिया एकदा करून पाहतात, कारण आम्लांत आणि काचेतही युरेनियमचा अंश असतोच. नमुन्यात माहितीतलं युरेनियम मुद्दाम मिसळून ते पुरतं परत मिळतंय का हे तपासतात. आणि प्रमाणित खडक वापरतात. कॅनडातला एसवाय-3 नावाचा सायनाइट खडक यासाठी जगभर वापरला गेला आहे. त्यात दहा लाखांत सुमारे 650 भाग युरेनियम आहे. त्याचा आकडा बरोबर आला तरच जांभ्याच्या आकड्याला किंमत. रेझीन पुन्हा वापरलं असेल तर हे सगळं पुन्हा.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला साहजिकच समुद्राचा मोह होतो. समुद्रात लिटरला 3.3 मायक्रोग्रॅम युरेनियम आहे. जगातल्या सगळ्या समुद्रांचं मिळून ते काहीशे कोटी टन भरतं. पण एक किलो मिळवायला 30 कोटी लिटर पाण्यातलं सगळंच्या सगळं पकडावं लागेल. त्यासाठी अमिडॉक्झिम गट बसवलेले धागे आणि कापडं वापरतात. जपानने ती समुद्रात बुडवून किलोभर युरेनियम काढूनही दाखवलंय. तिथे लोखंडाची जागा व्हॅनेडियम घेतं. तेही अमिडॉक्झिमला तितक्याच आवडीने चिकटतं, आणि काढायला जास्त चिवट.

पिण्याच्या पाण्याचा उपयोग मात्र आजचा आणि खराखुरा आहे. पंजाबसारख्या भागात बोअरच्या पाण्यात युरेनियम जास्त सापडलंय. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, आणि तिच्यामागचं मुख्य कारण किरणोत्सर्ग नसून मूत्रपिंडाला होणारी रासायनिक इजा आहे. अशा पाण्यात युरेनियम कार्बोनेटबरोबर ऋण होऊन फिरत असतं, त्यामुळे साधं ऋण आयन धरणारं रेझीनच ते छान पकडतं. भरलं की सॉफ्टनरसारखं मिठाच्या पाण्याने धुऊन परत वापरता येतं. फक्त त्या धुवणाच्या पाण्यात सगळं पकडलेलं युरेनियम एकवटलेलं असतं, ते गटारात सोडून चालत नाही. यंत्र बसवणाऱ्याला विचारायचाच असेल तर आधी हा प्रश्न विचारावा: धुवणाचं पाणी कुठे जाणार?